डाव्या हाताची आरती

आमच्या शेजारच्या विनिता वयनीनं देवळातला कॅमेरा चोरला आणि डिचोलीच्या बाजारात विकून खाल्ला, ही बातमी शिगमो आटोपल्यानंतरच्या बुधवारी दुपारी तीन वाजता वाड्यावर निघाली. पाचला पोदेर पाव घेऊन आला तोवर कॅमेऱ्याबरोबर चांदीची समईसुद्धा गेली होती. सायकलचा भोंपू वाजवत तो पुढच्या वाड्यावर पोचला तेव्हा वयनीला पोलिसांनी धरल्याचं तिथल्या लोकांनी त्यालाच सांगितलं.

बघणारा एकटा मी होतो. देवळासमोरच्या सोप्यावर जेवणानंतरची वामकुक्षी करत पडलो होतो. वयनी आली, स्टूल लावून तिनं कॅमेरा काढला, त्याच्या मागचा बोर्ड टॉवेलात गुंडाळला, दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि देवाकडे न बघता निघून गेली. मी फक्त बायकोला एवढंच म्हटलं की वयनी पिशवी भरून गेली गो. चोरली हा शब्द माझा नव्हे. पिशवी ‘भरून’ हा मात्र माझा, ते कबूल.

तर खरी गोष्ट अशी, की कॅमेरा तिचाच होता. बोर्ड तिचा, वायर तिची, तो ज्या खिळ्यावर टांगला होता तो खिळादेखील तिच्या घरचा. स्वतःची वस्तू घरी नेण्याला चोरी म्हणत नाहीत. पण ती का नेली, आणि रोज दोन वेळा हात जोडणारी बाई त्या दिवशी देवाकडे न बघता का गेली, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

वयनी मूळची पेडण्याची. आमच्या गणेशाशी लग्न करून डिचोली तालुक्यात आली आणि पाळी गावच्या एका खाणीवर काट्यावर लागली. काटा म्हणजे ट्रक वजन करायचा. खनिजाचा ट्रक आत येताना रिकामा मोजायचा, बाहेर जाताना भरलेला, आणि दोहोंतला फरक लिहायचा. बारा वर्षं तिनं धुळीनं लाल झालेल्या खिडकीत बसून हेच केलं. काट्याचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा आणि तो बिघडला की पणजीहून माणूस यायचा. माणूस यायला दोन दिवस, तोवर ट्रकांची रांग. तेव्हा वयनी त्या माणसाच्या पाठीमागे उभी राहून काय करतो ते बघायला लागली. तिसऱ्या वर्षी पणजीचा माणूस यायचा बंद झाला.

पुढे खाणी बंद पडल्या. गणेश खनिजाचा ट्रक सोडून शाळेची बालरथ बस चालवू लागला आणि वयनीनं डिचोलीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली. तिथं ती पत्त्यांच्या कॅटाएवढे ते छोटे कॉम्प्युटर, म्हणजे बोर्ड, दुरुस्त करते. कुणाला वाटेल, गावात असे कॉम्प्युटर ते किती असणार? आहेत. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा आहे, कोंबड्यांच्या शेडातली उष्णता मोजणारा आहे, लग्नाच्या हॉलबाहेर नवरानवरीची नावं झळकवणारा आहे. एकदा त्या हॉलातल्या बोर्डानं आदल्या दिवशीच्या नवऱ्याचं नाव आजच्या नवरीला लावलं. मी म्हटलं, वयनी, मोडलेली लग्नं जुळवायचंही काम घे. ती म्हणाली, “भावजी, आधी तुमचं टिकलं कसं ते शोधून काढते.”

तिची कामाची पद्धत काट्यावरचीच. आधी रिकामा, मग भरलेला. बोर्ड आला की ती त्याला जोडलेलं सगळं उपटून काढते. कीबोर्ड, वायफायचं डबं, कॅमेरा, सगळं. फक्त वीज आणि सिस्टिमचं कार्ड. तेवढ्यावर तो नीट उठला तर मग एकेक वस्तू लावायची, प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करायचा, आणि सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी धडाधड पळतात त्या वाचायच्या. तुम्ही-आम्ही त्या ओळी बघून डोळे मिटून घेतो. वयनी त्या वर्तमानपत्रासारख्या वाचते. “हा बघा, हा सांगतो वीज कमी पडते. मोबाइलचा चार्जर लावलाय कुणीतरी.” किंवा, “वायफायचं डबं तेच, पण आतली चिप दुसरी. हिला दुसरा ड्रायव्हर लागतो, पहिला हिला ओळखतच नाय.” शेवटी, काम झालं असं वाटलं की ती स्वतः शंका घेऊन एकदा तपासते. कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर वर्तमानपत्र धरते आणि पडद्यावर वाचून बघते. वाचता आलं तरच गिऱ्हाइकाला बोलावते.

आता देऊळ. आमचा देव म्हणजे मूळपुरुष, आमच्या घराण्यांचा पहिला माणूस. मूर्ती नाही, काळा पाषाण. हात, पाय, शस्त्र काही नाही. कुठल्याही बाजूनं बघा, सारखाच. कोरोनाच्या वर्षी बाहेरगावच्या कुळाव्यांना, म्हणजे आमच्याच घराण्यांतल्या पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्या लोकांना, यायला मिळेना. तेव्हा वयनीनं गाभाऱ्यासमोर कॅमेरा बसवला आणि फोनवर दर्शन सुरू झालं. वायर वरून येत होती म्हणून कॅमेरा उलटा टांगावा लागला. बोर्डाला एक ओळ लिहून सांगितलं की चित्र फिरवून दाखव. चार वर्षं तो फिरवून दाखवत होता. आवाज नव्हता, मायक्रोफोन पहिल्याच पावसात मेला होता आणि त्याची आठवण कुणी काढली नाही.

मग लोक फोनवरच कौलही बघू लागले. कौल ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो: भटजी पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. गावाचा कौल असेल तर प्रश्न मोठ्यानं विचारतात आणि दहा माणसं समोर असतात. घरचा कौल असेल तर प्रश्न मनात धरायचा. तो भटजींनाही ठाऊक नसतो, देवाला ठाऊक असतो.

गेल्या चतुर्थीच्या चार दिवस आधी देवळातल्या बोर्डाचं कार्ड गेलं. वयनीनं नवं कार्ड घातलं, त्यावर नवी सिस्टिम घातली. नव्या सिस्टिमला कॅमेरा दिसेना. ओळी वाचून तिनं शोधलं की आता कॅमेऱ्याचं नाव स्वतः लिहून द्यावं लागतं. लिहिलं, दिसला. पण देव उलटा, पाषाणाचं टोक खाली. जुनी फिरवायची ओळ नवी सिस्टिम मानत नव्हती. तेव्हा तिनं वरचं खाली करायची नवी ओळ घातली. देव सरळ झाला. तोपर्यंत भटजी सोवळं नेसून दारात उभे, “विनिता, आटप गो, नैवेद्याची वेळ झाली,” म्हणत होते. सोवळ्यातल्या भटजींना वर्तमानपत्र धरून आत उभे राहा असं सांगायची तिची छाती झाली नाही. कमिटीचे लोक फोनवर देव बघून खूष झाले. वयनी घरी आली.

उलटा टांगलेला कॅमेरा सरळ करायचा तर दोन गोष्टी कराव्या लागतात: वरचं खाली, आणि डावं उजवीकडे. तिनं एकच केली. त्या दिवसापासून फोनवरचा आमचा देव आरशातला देव होता.

आणि कुणाला कळणार? पाषाण तर सारखाच. समई दोन्ही बाजूंना. गावातले आम्ही देवळात जातो, फोनवर बघत नाही. मी मात्र बघतो, कारण सकाळी उठून देवळात जायचा मला कंटाळा. मार्गशीर्षात एकदा आरती बघताना माझ्या लक्षात आलं की भटजी डाव्या हातानं आरती ओवाळतायत. मी काय केलं असेल? वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: “आमचे भट डावखुरे झाले, यापुढे दक्षिणाही डाव्या हातात द्यावी.” तेवीस जणांनी हसून दाखवलं. वयनी त्या गटात नाही. माझ्यामुळंच सोडलाय तिनं. त्या दिवशी मी हातभर अंतरावरच्या तिच्या घरी जाऊन तेच वाक्य तिला म्हटलं असतं तर! पण मला तेवीस जणांचं हसू पुरलं.

शिगम्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी तिच्या बलकांवात, दारासमोरच्या बाकावर, पाव-भाजी खात बसलो असताना मला तो विनोद परत आठवला. फोन काढून तिला दाखवला. “बघ वयनी, भटजी.” ती हसली नाही. तिनं फोन हातात घेतला, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं.

“हे कधीपासून, भावजी?”

“मी तर मार्गशीर्षात बघितलं.”

“आणि मला आज सांगता?”

तिनं पाव तसाच ठेवला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा देवळातून काढून आणला, तो हा. घरी टेबलावर तसाच उलटा टांगून त्याच्यासमोर कॅलेंडर धरलं. पडद्यावर पाडव्याची तारीख उलटी उमटली. गणेश सांगतो, ती तासभर त्या उलट्या तारखेकडे बघत बसली होती.

मग भटजींकडे गेली, मागोमाग मीही. चतुर्थीपासून फोनवरून घरचे कौल किती झाले? भटजींनी आठवून तीन सांगितले. पहिल्या घरानं नंतर फोन करून भटजींना तोंडी विचारलं होतं, त्यांना खरं उत्तर मिळालं. दुसरा पुण्याचा कुळावी, त्याचा प्रश्न जुनी गाडी घेऊ का असा होता हे त्यानं स्वतःच मागाहून सगळ्यांना सांगितलेलं. त्यानं ती गाडी घेतली नाही, आणि ज्यानं घेतली तो अजून ती ढकलतोय, तेव्हा तो वाचला. तिसरा कौल गंगाकाकीचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

गंगाकाकी आणि सरस्वतीकाकी या सख्ख्या जावा. वयनीच्या घरापासून चौथं घर, मधली एक भिंत दोघींची. गंगाकाकीचा मुलगा दत्तप्रसाद मुरगाव बंदरात कामाला. दोन वर्षांपूर्वी काकी पडली तेव्हा तो तिला वास्कोला घेऊन गेला. सरस्वतीकाकी भिंतीच्या पलीकडे एकटी राहिली. गंगाकाकीला परत यायचं होतं हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, आणि देवाला विचारल्याशिवाय ती येणार नाही हेही. भटजींना तेव्हा प्रश्न ठाऊक नव्हता. पण आता आम्हा तिघांनाही तो सांगायची गरज नव्हती.

भटजी म्हणाले, “उजवी दिली होती गो. मी स्वतः उचलली पाकळी.”

सरस्वतीकाकी पौषात गेली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही म्हणून कळलं.

मी वयनीला म्हटलं, नको सांगू. म्हातारीला आता सांगून काय मिळणार? गेलेली परत येत नाही. हिला मात्र जन्मभर टोचणी. माझ्या म्हणण्यात अक्कल होती असं मला अजून वाटतं. पण त्यात माझ्या तेवीस जणांच्या हसण्याची भीतीही होती, ते मी तेव्हा बोललो नाही.

वयनी म्हणाली, “काकी ती देवाची ‘ना’ समजून बसलीय. ती ‘ना’ देवाची नाय, माझी आहे.”

रविवारी आम्ही वास्कोच्या बसला बसलो. मी का गेलो? मला चैन पडेना म्हणून. झुआरी पुलावर मी म्हटलं, “वयनी, मी बोलू का आधी? मला गोड करून सांगता येतं.”

“म्हणूनच तुम्ही नको.”

दत्तप्रसादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मागच्या बाजूला बंदराच्या क्रेनी दिसतात. गंगाकाकी जमिनीवर बसून सुकी सुंगटं, वाळवलेली कोळंबी, निवडत होती. आम्हाला बघून तिचं तोंड फुललं. “अगे विनिता! वाट कशी चुकलीस?” दत्तप्रसाद घरीच होता, त्यानं खुर्च्या ओढल्या. वयनी खुर्चीवर बसली नाही. काकीसमोर जमिनीवर बसली आणि सरळ सांगितलं. कार्ड, ओळ, आरसा, उजवी, डावी. सगळं आठ-दहा वाक्यांत.

“कसं शक्य आहे?” दत्तप्रसाद म्हणाला. “आईला दिसत नाही नीट, मीच फोन धरला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, डावी पडली.”

“तुझा फोन घे. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघ. शर्टावरची अक्षरं वाच.”

त्यानं बघितलं. बंदराच्या कामाचा शर्ट होता, खिशावर नाव शिवलेलं. ते उलटं दिसत होतं. तो हळूच खुर्चीत बसला. म्हणाला, “मला तेव्हा बरं वाटलं होतं. आई इथंच राहते म्हणून.”

मला राहवेना. “काकी, तसं बघितलं तर चूक त्या नव्या सिस्टिमची. तिनं जुनी ओळ मानली नाही म्हणून...”

“सिस्टिमची नाय,” वयनी म्हणाली. “मी तपासलं नाय. भटजींना पाच मिनिटं थांबा म्हणायला लाजले.”

गंगाकाकीचे हात सुंगटांतच होते. “म्हणजे त्यानं हो म्हटलं होतं?”

“हो काकी.”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

“आणि सरू पौषात गेली.” काकी बोटांवर मोजू लागली. सुंगटांचा चुरा बोटांना लागलेला. “कार्तिक. मार्गशीर्ष. पौष. तीन महिने ती एकटी जेवली.”

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो किक मारत होता.

“मला वाटलं, गाव सोडला म्हणून त्यानं मला टाकलं,” काकी म्हणाली. “इथं दिवा लावते तेव्हा त्याचं नाव घेत नव्हते. रागानं.” मग सुनेला हाक मारून तिनं चहा करायला सांगितला. चहा आला. काकीनं कप स्वतः दिले. एक मला, एक दत्तप्रसादाला. ताटलीत तिसरा कप होता, तो तिनं स्वतःपुढे ओढला. आमच्याकडे शत्रू दारात आला तरी चहा मिळतो. वयनी मान खाली घालून बसली होती. मार्गशीर्षातलं माझं वाक्य मी काकीला तेव्हाही सांगितलं नाही. इथं लिहितोय, वाचून दाखवेल कुणीतरी तिला.

पाडव्यानंतर गंगाकाकी घरी आली. दत्तप्रसाद शनिवारी-रविवारी येतो. मधल्या भिंतीच्या पलीकडे कुलूप आहे. काकी संध्याकाळी दोन्ही दारांत दिवा लावते. वयनी वाटेवरून गेली तर काकी नजर खाली घालते. शिव्या देत नाही, बोलतही नाही.

कमिटीनं कॅमेरा परत बसवायला सांगितलं. वयनीनं बसवला, पण या वेळी भटजींना अंघोळीच्या आधी बोलावून. एक पत्र्याची पट्टी रंगवून आणली, तिच्यावर ‘उजवी’ असं लिहिलेलं, आणि भटजींच्या हातून ती पाषाणाच्या उजव्या बाजूला, चित्रात दिसेल अशी कायमची बसवून घेतली. फोनवर ते अक्षर वाचता आलं तरच पाकळी बघायची. ही झाली सोय. त्याआधी सगळ्या कुळाव्यांना निरोप पाठवायचा होता. तो मी लिहून दिला: “काही तांत्रिक कारणामुळे चतुर्थीपासून दर्शनाचे चित्र उलट दिसत होते.” चांगलं वाक्य होतं, कुणाच्या अंगाला लागत नव्हतं. वयनीनं ‘काही तांत्रिक कारणामुळे’ खोडलं, ‘माझ्या चुकीमुळे’ लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव टाकलं. त्यानंतर बाजारातल्या तिच्या खोलीत महिनाभर फारसं कुणी गेलं नाही. आता परत जातात, कारण कोंबड्यांना उकाडा होतो आणि टाक्या भरून वाहतात.

परवा मी तिच्या बलकांवात बसलो होतो. समोरून गंगाकाकी फुलांची परडी घेऊन देवळाकडे गेली. आमच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, “काय गो वयनी, दोन महिने झाले. एकदा जाऊन पाय धर, माफ कर म्हण आणि मोकळी हो. म्हातारी मनानं वाईट नाय, करेल माफ. की देवाला कौल लावूया, ती करेल की नाय म्हणून?”

वयनी हातातल्या बोर्डाचे स्क्रू काढत होती. मान वर न करता म्हणाली:

“मला बरं वाटावं म्हणून तिच्याकडून आणखी एक काम कशाला करून घेऊ, भावजी?”